सतरंजी, गुडघे आणि स्वामी कुवलयानंद

मैत्रिणींनो, आमच्या कोपरगावात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची नुसती धांदल असते. एका दिवसात चार-चार घरं करावी लागतात. यंदा आमच्या महिला मंडळाचंही हळदीकुंकू होतं. मी हौसेनं हॉलभर मोठी सतरंजी अंथरली, कडेनं रांगोळी काढली, तिळगुळाची ताटं मांडली. पण येणारी प्रत्येक जण दारातूनच इकडेतिकडे बघायला लागली. खुर्ची कुठे आहे? सत्तरीच्या काकूंचं मी समजू शकते, पण चाळिशीच्या आतल्या सुनासुद्धा भिंतीला टेकून उभ्या! शेवटी मंडपवाल्याला फोन करून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागवल्या. सतरंजीवर मग पर्स, पिशव्या आणि लहान मुलं बसली.

खरं सांगायचं तर त्या खुर्च्यांमधली पहिली खुर्ची मीच धरली होती.

त्या दिवशी घरी आल्यावर मला सासूबाईंची फार आठवण आली. त्यांची गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. आज सांगते.

आमच्या सासूबाई म्हणजे वाऱ्यासारख्या. पहाटे उठून गोदावरीच्या घाटापर्यंत पायी जाऊन यायच्या. भाकरी चुलीपुढे मांडी घालूनच थापायच्या. बाहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांना वॉकर देऊन उभं केलं गेलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की रोज चालवा, रोज पाय हलवून घ्या.

आम्ही काय केलं? त्यांना जपलं. परत पडल्या तर, ही एकच भीती. खिडकीपाशी पलंग टाकला, टीव्ही समोर आणला, चहा हातात, ताट हातात. त्या उठायला बघायच्या आणि मी धावत जाऊन त्यांना परत बसवायची. पाहुण्यांना मी अभिमानानं सांगायची, की आईंना मी इकडची काडी तिकडे करू देत नाही. लोक माझं कौतुक करायचे. तीन महिन्यांत त्यांचा गुडघा सरळ होईना. मोडलेल्या पायाचा नव्हे, चांगल्या पायाचासुद्धा! दोन वर्षांनी त्या गेल्या. त्या दोन वर्षांत त्या आपल्या पायांनी अंगणातसुद्धा गेल्या नाहीत. हाड डॉक्टरांनी जोडून दिलं होतं. सांधे मी बांधून टाकले. माझ्या सेवेनं.

हे सगळं मागच्या वर्षापर्यंत मनात गाडून टाकलं होतं. मग माझा उजवा गुडघा दुखायला लागला. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून मला दाखवला. वर मांडीचं पांढरं हाड, खाली नडगीचं पांढरं हाड आणि मध्ये काळी फट. मला वाटलं फट म्हणजे रिकामी जागा. डॉक्टर म्हणाले, की ती रिकामी नाही. तिथे कूर्चा असते, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, चिवट अस्तर. ते एक्स-रेत दिसत नाही, म्हणून फट वाटते. माझ्या गुडघ्यात एका बाजूची फट थोडी कमी झाली होती. वजन उतरवा, चालत राहा, मांडीचे स्नायू बळकट करा, असं त्यांनी सांगितलं. मी मात्र एवढाच एक शब्द ऐकून आले. झीज.

झालं! झिजणारी वस्तू आपण काय करतो? कमी वापरतो. मीही गुडघा वाचवायला लागले. भाजीला स्कूटीवर, खाली बसणं बंद, देवपूजासुद्धा स्टुलावर. वर्षभरात दुखणं वाढलंच. आणि हळदीकुंकवाच्या रात्री एकदम लक्षात आलं, की सासूबाईंचं जे केलं तेच मी आता स्वतःचं करतेय.

माझं माहेर अमळनेरचं. वडील निवृत्त शिक्षक, वय शहात्तर. अजूनही जमिनीवर मांडी घालून जेवतात आणि हात न टेकता उठतात. त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं, तर त्यांनी मला रागावण्याऐवजी एक जुनी गोष्ट सांगितली. अमळनेर म्हटलं की सगळ्यांना सानेगुरुजी आठवतात. पण गुरुजी अमळनेरच्या शाळेत आले १९२४ साली. त्याच्या आधी त्याच गावात गुणे नावाचे एक शिक्षक होते, त्यांच्याबद्दल वाच, म्हणाले. ते गुणे मास्तर म्हणजे पुढचे लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद. मी वाचत गेले आणि माझ्या गुडघ्याचं उत्तर मला त्यांच्या आयुष्यात सापडायला लागलं.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदे संस्थानातल्या डभोई गावचा. घर मराठी. वडील शिक्षक, आई सरस्वतीबाई घर सांभाळणाऱ्या. पैशाची ओढाताण एवढी, की काही काळ या कुटुंबाला लोकांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. अशा घरातला हा मुलगा १९०३ साली मॅट्रिक झाला तो संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून! पुढे बडोदे कॉलेजात शिकला आणि १९१० मध्ये पदवीधर झाला. त्या कॉलेजात अरविंद घोष यांनी शिकवलं होतं, त्यांच्या विचारांचा आणि टिळकांच्या राजकारणाचा या तरुणावर मोठा प्रभाव पडला. लग्न करायचं नाही, आयुष्य लोकांसाठी द्यायचं, हे त्यानं विद्यार्थी असतानाच ठरवलं.

याच बडोद्यात त्याला पहिले गुरू भेटले, राजरत्न माणिकराव. जुम्मादादा व्यायाममंदिराचे हे प्राध्यापक माणिकराव नामांकित व्यायामतज्ज्ञ तर होतेच, पण मोडलेली हाडं बसवण्यात आणि निखळलेले, मुरगळलेले सांधे ठिकाणावर आणण्यातही त्यांचा हातखंडा होता. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं गुणे त्यांच्याकडे शिकले. जोर, बैठका, कवायत, तालमीची शिस्त. हाडांची अशी जाण असलेल्या गुरूकडे तीन वर्षं काढल्यावर शरीर ही एकमेकांत गुंतलेली रचना आहे, हे त्यांना पुस्तकाआधी तालमीतच उमगलं असणार.

ही रचना बघायला आपल्याला तालमीत जायची गरज नाही. एक भाकरी थापून बघा! मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात. त्यातली २७ एकेका हातात, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत. आपण हात परातीवर पुढे नेतो तो खांद्यातून. खांद्याचा सांधा उखळीसारखा, हाडाचं गोल डोकं खोलगट वाटीत बसलेलं, म्हणून हात चहूकडे फिरतो. कोपर म्हणजे दाराची बिजागरी, एकाच रेषेत उघडणार आणि मिटणार. भाकरी तव्यावर टाकताना तळहात उलटतो, तेव्हा कोपरापुढच्या दोन हाडांपैकी एक हाड दुसऱ्याभोवती फिरतं, जात्याची वरची पाळू खुंट्याभोवती फिरते तसं. मनगटात आठ छोटी हाडं एकमेकांवर सरकतात. आणि अंगठ्याच्या बुडाशी घोड्याच्या खोगिरासारखा सांधा आहे, म्हणून अंगठा बाकीच्या बोटांसमोर येतो आणि पिठाची चिमूट धरता येते. एक भाकरी तव्यावर पडेपर्यंत एवढ्या सगळ्यांनी आपापलं काम केलेलं असतं.

हाडं काही आपणहून हलत नाहीत. त्यांना हलवतात स्नायू. स्नायूचं टोक दोरीसारख्या कंडरेनं हाडाला बांधलेलं असतं. गंमत अशी, की स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून ते जोडीनं काम करतात. बैलाचा कासरा बघा. डावीकडे वळवायचं तर डावी दोरी ओढायची आणि उजवी सैल सोडायची. दोन्ही ओढल्या तर बैल जागचा हलणार नाही. आपल्या दंडाच्या पुढचा स्नायू आखडतो तेव्हा मागचा सैल पडतो, तेव्हाच कोपर वाकतं. आणि हाडाला हाड धरून ठेवणारे पट्टे, म्हणजे अस्थिबंध, सांध्याला हद्दीबाहेर जाऊ देत नाहीत. ओढणारा, सोडणारा आणि आवरणारा, तिघं असले की हालचाल होते. घराचा संसारसुद्धा असाच चालतो, नाही का?

शिक्षण संपल्यावर गुणे खानदेशात आले. सामान्य माणसाचं अज्ञान आणि दारिद्र्य बघून शिक्षण हाच मार्ग आहे असं त्यांना वाटलं. अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिलं आणि १९१६ साली तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. तिथल्या देशभक्तीच्या वातावरणामुळे इंग्रज सरकारची वक्रदृष्टी वळली आणि १९२० मध्ये ते महाविद्यालय बंद करण्यात आलं. सदतिसाव्या वर्षी हातातलं काम गेलं. दुसरा कुणी निराश झाला असता.

पण आदल्याच वर्षी, १९१९ मध्ये, त्यांना दुसरे गुरू भेटले होते. बडोद्याजवळ नर्मदेच्या काठी मालसर नावाचं गाव आहे, तिथे परमहंस माधवदासजी हे मूळचे बंगालचे योगी राहत. गुण्यांनी त्यांच्याकडे योग शिकायला सुरुवात केली. त्या काळी योग ही गुहेतली, गुपचूप गुरूनं शिष्याच्या कानात सांगायची विद्या होती. सामान्य माणसाला वाटायचं, की योगी म्हणजे चमत्कार करणारा, खिळ्यांवर झोपणारा. संसारी माणसाचा, त्यातून बायकांचा, त्याच्याशी काय संबंध?

गुण्यांना योगाचा अनुभव आला, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. आपल्याला बरं वाटलं म्हणजे ते खरंच झालं, असं त्यांनी मानलं नाही. ते का होतं आणि आत नक्की काय होतं, हे त्यांना बघायचं होतं. १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या हॉस्पिटलात आपल्या काही विद्यार्थ्यांना नेलं आणि उड्डियान, नौली या पोटाच्या क्रिया करायला लावून त्यांची शास्त्रीय तपासणी केली. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. आपल्याकडे कित्येक गावांत माणसानं डॉक्टरच पाहिला नव्हता, त्या काळात हा मराठी शिक्षक योगाला यंत्रासमोर उभं करायला निघाला होता!

१९२१ मध्ये माधवदासजी गेले. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये गुण्यांनी, म्हणजे आता स्वामी कुवलयानंदांनी, लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढलं. त्यात आसनांचे फोटो, एक्स-रे, रक्तदाबाची मोजमापं छापली जाऊ लागली. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. बस्तिक्रियेत योगी पाणी आत ओढून घेतात, त्यातला चमत्कार संपला आणि साधं कारण समोर आलं. त्या कमी झालेल्या दाबाला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. मला ही गोष्ट फार आवडली. श्रद्धा होती, पण डोळे उघडे ठेवून.

आणखी एक सांगते. प्राणायाम केला की शरीराला कितीतरी जास्त ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही लोक समजत आणि आजही आपण एकमेकींना सांगतो. स्वामीजींनी हेसुद्धा मोजलं आणि ही समजूत बरोबर नाही, प्राणायामाची किंमत वेगळ्या कारणांसाठी आहे, असं मांडलं. आपल्याच विषयाच्या बाजूनं असलेली, लोकांना आवडणारी गोष्ट खोडून काढायला धैर्य लागतं. आज मोबाइलवर रोज सकाळी सात दिवसांत गुडघेदुखी गायब असले मेसेज येतात, ते पुढे पाठवण्याआधी मला आता हे आठवतं.

१९३१ मध्ये त्यांचं आसनांवरचं पुस्तक आलं. त्यात पाठीच्या कण्याला त्यांनी मोठं महत्त्व दिलं आहे. कणा म्हणजे एकच दांडा नव्हे. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक बसलेले आहेत आणि खाली माकडहाडापर्यंतची हाडं एकमेकांना जुळलेली आहेत. बहुतेक मणक्यांच्या मध्ये कूर्चेची चकती असते, धक्का खाणारी गादीच म्हणा. दिवसभर वजन पेलून या चकत्यांमधलं पाणी थोडं कमी होतं, म्हणून रात्री आपली उंची सकाळपेक्षा किंचित कमी भरते. झोपलो की त्या पुन्हा फुगतात. दोन मणक्यांमधली हालचाल थोडीशीच असते, पण सगळ्यांची मिळून एवढी होते, की आपण वाकून पायाचं बोट धरू शकतो. साखळीची एक कडी जशी थोडीच वळते, पण अख्खी साखळी गळ्याभोवती गोल बसते, तसं.

आता आपलं दिवसभराचं काम आठवा. ओट्याशी उभं राहून पुढे झुकलेलं, झाडताना पुढे वाकलेलं, शेतात कांदा काढताना पुढेच वाकलेलं. मागे कोण वाकतं? बाजूला कोण वळतं? स्वामीजींच्या आसनांत पश्चिमोत्तानासन पुढे वाकण्याचं आहे, तसं भुजंगासन आणि शलभासन मागे वाकण्याचं, आणि अर्धमत्स्येंद्रासन पिळ देण्याचं. कणा ज्या ज्या दिशेला जाऊ शकतो, त्या सगळ्या दिशांना तो नेऊन आणायचा. घरकाम हाच आमचा व्यायाम, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. घरकामात कष्ट होतात हे शंभर टक्के खरं. पण तेच ते सांधे, त्याच त्या दिशेला. बाकीचे सांधे तसेच पडून राहतात, माळ्यावरच्या पितळेच्या भांड्यांसारखे.

आणि पडून राहिलेल्या सांध्याचं काय होतं? इथे मला माझ्या झिजेचं उत्तर मिळालं. आपल्या शरीरात बहुतेक ठिकाणी रक्त जाऊन पोषण देतं. सांध्यातल्या कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण होतं सांध्यातल्या बुळबुळीत द्रवातून. हा द्रव वंगणाचं काम करतो आणि कूर्चेला खाऊही घालतो. पण तो तिच्यात जिरायला दाब पडावा लागतो आणि सुटावा लागतो. भांडी घासायचा स्पंज दाबला की पाणी बाहेर, सोडला की आत, तसं. आपण पाऊल टाकतो, गुडघ्यावर वजन येतं, पाऊल उचलतो, वजन सुटतं. म्हणजे चालणं हे कूर्चेचं जेवण आहे. मी गुडघा वाचवत नव्हते, त्याला उपाशी ठेवत होते.

हाडांचंही तसंच. हाड दगडासारखं निर्जीव नसतं. ते सतत थोडं मोडत आणि नव्यानं घडत असतं. ज्या हाडावर भार येतो ते मजबूत होतं, पडून राहिलेलं विरळ होतं. पाळी थांबल्यावर तर आपल्या हाडांचा कस जास्त वेगानं कमी होतो. म्हणून नाचणी, तीळ, दूध, कोवळं ऊन हे पाहिजेच, पण नुसतं खाऊन भागत नाही. स्नायू अशक्त झाला की सगळा धक्का सांध्यावर येतो. साधं चालतानाही गुडघ्यावर आपल्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार पडतो. तो मांडीच्या स्नायूंनी वाटून घेतला नाही, तर बिचारा गुडघा एकटा किती सोसणार?

स्वामीजींचं संशोधन जास्त करून पोट, श्वास आणि रक्तदाब यांवर झालं. कूर्चेबद्दलचं हे बरंचसं ज्ञान नंतरच्या डॉक्टरांनी उलगडलं. पण आसनाबद्दल त्यांनी जो आग्रह धरला तो सांध्यांना अगदी मानवणारा होता. झटका द्यायचा नाही. हिसका मारायचा नाही. आसन सावकाश करायचं, झेपेल तिथे थांबायचं, सावकाशच सोडायचं. हलासनासारखं आसनसुद्धा त्यांनी टप्प्याटप्प्यानं मांडलं, म्हणजे कण्याच्या एकेका भागाला क्रमानं ताण बसेल. आणि प्रत्येकाला एकच माप लावायचं नाही, प्रकृती बघून ठरवायचं. तालमीतली रग आणि नर्मदाकाठची सबुरी, दोन्ही गुरूंची शिकवण त्यांनी अशी एकत्र केली.

काम वाढत गेलं. १९२७ साली गांधीजी आजारी असताना त्यांनी आसनांबाबत स्वामीजींशी पत्रव्यवहार केला होता. १९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझला शाखा निघाली आणि १९३६ मध्ये ती मरीन ड्राइव्हवर आली. तिथे नोकरदार, व्यापारी, सामान्य माणसं योग शिकायला येऊ लागली. शाळेतल्या मुलांना एकत्र करता येतील असे योगाचे व्यायाम त्यांनी बसवले. १९५१ मध्ये लोणावळ्यात योगाचं महाविद्यालय सुरू झालं आणि १९६१ मध्ये योगोपचाराचं रुग्णालय. सरकारनं बंद पाडलेल्या महाविद्यालयाचा तो बेकार प्राचार्य पुन्हा एकदा कॉलेज उभं करून बसला होता, या वेळी कुणी बंद करू शकणार नाही असं. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते गेले. २०१९ साली, त्यांच्याच जन्मदिवशी, ३० ऑगस्टला, टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. आज जगभर योगदिन साजरा होतो. पण योग खरोखर काय करतो हे आधी तपासून बघू, असं म्हणत एका गरीब घरातल्या मराठी शिक्षकानं त्याची सुरुवात केली, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

आमच्या कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचं देऊळ आहे. संजीवनी विद्येची कथा इथलीच असं आम्ही मानतो. दैत्यांनी कचाचे तुकडे तुकडे केले आणि शुक्राचार्यांनी मंत्रानं त्याला पुन्हा सबंध उभा केला. लहानपणी ऐकलेली ही कथा सासरी आल्यावर गावची म्हणून जास्तच जवळची झाली. सासूबाईंच्या आजारपणात मी त्या देवळात जाऊन नवससुद्धा बोलले होते. मंत्र मागत होते मी, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या रोजच्या वीस पावलांकडे पाठ फिरवली होती.

आता आमच्या मंडळात सकाळी सहा ते पावणेसात आम्ही अकरा जणी जमतो. एक प्रशिक्षित ताई शिकवतात. पहिल्या दिवशीच प्रत्येकीला सांगितलं, की आपल्या डॉक्टरांना विचारून या. कारण ज्यांच्या गुडघ्याला सूज आहे, मणक्याचा त्रास आहे, ऑपरेशन झालंय किंवा हाडं फार ठिसूळ झालीत, त्यांना सगळी आसनं चालत नाहीत. काही जणी खुर्चीवर बसूनच पाय सरळ करून पाचपर्यंत मोजतात, मग खाली. दिसायला किती सोपं! पण मांडीचा स्नायू थरथरतो तेव्हा कळतं, की तो किती दिवस झोपला होता. बाकीच्या भुजंगासन करतात. एक जण पहिल्या दिवशी जेमतेम कपाळ उचलू शकली. ताईंनी तेवढंच पुरे म्हटलं. कुणाची कुणाशी बरोबरी नाही.

माझा गुडघा ठणठणीत झाला, असं मी सांगणार नाही. एक्स-रेतली फट काही वाढलेली नाही आणि ढगाळ हवेत अजून कुरकुर असते. पण भाजीला मी आता चालत जाते, जिना कठडा न धरता चढते. अजून पूर्ण मांडी घालता येत नाही, पाय थोडा लांब ठेवूनच बसते. पण बसते खालीच.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कुणी आई, सासूबाई, मावशी पलंगावर बसून असतील. त्यांच्या हातात ताट देताय, ते प्रेमच आहे, मला माहीत आहे. पण उद्यापासून डॉक्टरांना विचारून त्यांना हात द्या आणि ताटापर्यंत चालत येऊ द्या. दहा मिनिटं लागली तरी लागू द्या. त्या पडतील या भीतीनं त्यांचा हात धरा, पण पाय धरून ठेवू नका. मला हे आठ वर्षं उशिरा कळलं.

पुढच्या संक्रांतीला मी सतरंजी अंथरणार आहे. खुर्च्याही ठेवणार, ज्यांना हव्यात त्यांच्यासाठी. या नक्की.